एवढंसं बटण

सर्व्हर सांभाळणाऱ्याचे शत्रू दोन. भरलेली डिस्क, आणि ‘काल तर चालू होतं’ म्हणत येणारा माणूस. दुसऱ्यावर औषध नाही. पहिल्यावर आहे आणि माझा सगळा छळ त्या औषधापायी झाला.

लिनक्सच्या सर्व्हरवर सगळ्या सेवा चालू-बंद करणारं सिस्टमडी नावाचं सॉफ्टवेअर बारीकसारीक घडामोडी एका नोंदवहीत लिहीत बसतं. तिला जर्नल म्हणतात. कुणी मर्यादा घातली नाही, तर ही वही डिस्कचे १० टक्के किंवा ४ जीबी, यांतलं जे कमी असेल तिथपर्यंत फुगते. मोठ्या डिस्कला त्याचं काही वाटत नाही. आमच्या ऑफिसातली मशीन २० जीबीवर संसार करतात. त्यांना २ जीबी गेलेले चांगलेच जाणवतात. एक कमांड मारली की जुन्या नोंदी उडतात, पण आमच्याकडे काळी स्क्रीन पाहूनच हात मागे घेणारी मंडळी बरीच. ती सर्व्हरचा कारभार ब्राउझरमधल्या कन्सोलवरून बघतात. म्हटलं, तिथेच लॉगच्या, म्हणजे नोंदींच्या पानावर दोन गोष्टी दिसाव्यात: नोंदींनी किती जागा खाल्ली आहे तो आकडा, आणि शेजारी ‘साफ करा’ असं एवढंसं बटण.

असे मुक्त, म्हणजे ज्यांचा कोड कुणीही वाचावा-सुधारावा असे कन्सोल बरेच आहेत. पर्लमध्ये लिहिलेलं वेबमिन १९९७ पासून १०००० नंबरच्या पोर्टवर ठाण मांडून आहे, रेड हॅटच्या पाठबळाचं कॉकपिट ९०९० वर भेटतं. मी ज्याच्या वाटेला गेलो त्याचं नाव सांगत नाही. माणसं सज्जन आहेत आणि माझं त्यांच्याकडे अजून काम पडणार आहे.

कोड संध्याकाळी लिहायला घेतला, जेवायच्या आत झाला. मग नियमांची फाइल उघडली. कमिटचं, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीचं शीर्षक पन्नास अक्षरांत, खाली एक ओळ कोरी, मग कारणमीमांसा, आणि सर्वांत शेवटी आपलं नाव-ईमेल लिहून प्रतिज्ञापत्र, की हा कोड माझा आहे किंवा तो द्यायचा मला हक्क आहे. ही सहीची पद्धत लिनक्स कर्नलमध्ये २००४ साली आली, कोडच्या मालकीवरून कोर्टकचेऱ्या चालल्या होत्या तेव्हा. तलाठ्याकडे सातबाऱ्याला गेलेल्या माणसाला यात नवीन काही वाटू नये.

पुल रिक्वेस्ट टाकली, म्हणजे माझा बदल पदरात घ्या असा अर्ज. पहिला अभिप्राय ‘वा, छान!’ असा सुरू झाला. पुढे मोठा परिच्छेद होता.

बटण जर्नलच्या फक्त बंद करून ठेवलेल्या फाइली उडवतं, चालू फाइलीला हातच लावत नाही. मग माणूस बटण दाबणार आणि आकडा जागचा हलणार नाही, त्याचं काय? आधी चालू फाइल बंद करून नवी उघडायला हवी. बरं, दाबायचा अधिकार कुणाला? सर्व्हरमध्ये घुसलेला चोर सगळ्यांत आधी आपल्या पावलांचे ठसे पुसतो, आणि तुम्ही त्याला फडकं आयतं हातात देताय. तेव्हा प्रशासकाचे अधिकार तपासा, वर ‘नक्की का?’ असं विचारणारी खिडकी घाला. मुद्दे खरे होते, त्यामुळे राग जास्तच आला.

चोराच्या मुद्द्यावर कोणी फारसं बोललं नाही. गर्दी जमली ती जीबीवर. जर्नलचं जीबी १०२४च्या पाढ्यातलं, डिस्क विकणाऱ्यांचं १०००च्या. पहिल्याला जिबीबाइट म्हणावं, असं आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १९९८ सालीच ठरवून दिलंय. एवढ्या वर्षांत ते कुणाच्या जिभेवर बसलेलं नाही, पण त्यासाठी प्राण द्यायला तयार असलेली माणसं आहेत आणि ती सगळी माझ्या बटणापाशी येऊन बसली. ४ जिबीबाइट म्हणजे ४.२९ गिगाबाइट होतात, हे मला आता झोपेतही सांगता येतं.

मग भाषांतराची मंडळी आली. ‘इतक्या फाइली काढल्या’ हे वाक्य तुकडे जोडून करायचं नाही. पोलिशमध्ये संख्येप्रमाणे नामाची तीन रूपं होतात, अरबीत सहा. शिवाय अरबीत सगळी स्क्रीनच उजवीकडून डावीकडे वळते, आणि जर्मन शब्द बटणाच्या बाहेर पाय काढतो.

चाचण्यांची तर वेगळीच कथा. त्यांच्या यंत्रांवर हिरव्या, म्हणजे पास; माझ्या लॅपटॉपवर लाल, म्हणजे नापास. शोधता शोधता कळलं, तिथल्या एका जुन्या चाचणीने जगातली सगळी घड्याळं पूर्ण तासांनीच मागेपुढे असतात असं धरलं होतं. आपले साडेपाच तास तिच्या हिशेबात बसेनात. मी लिहिलं, पावणेसहावाला नेपाळी माणूस यायच्या आत हे दुरुस्त करून घ्या. कुणीतरी त्यावर पसंतीचा अंगठा टाकला.

त्यांची दुपार म्हणजे आपली रात्र. त्यामुळे अभिप्राय यायचे ते मी जेवून अंथरुणावर टेकल्यावर. एकदा आईने पाहिलं.

“कुणाचं काम करतोयस इतक्या रात्री?”

“कुणाचंच नाही गं. फुकटचं आहे.”

“मग एवढा ओशाळून कोणाला उत्तर लिहितोयस?”

मी रिबेस करत होतो, म्हणजे माझा बदल त्यांच्या ताज्या कोडवर नव्याने बसवत होतो. दरम्यान कुणीतरी लॉगचं अख्खं पान नव्याने मांडलं होतं आणि माझं बटण जिथे बसायचं ती जागाच उरली नव्हती.

सगळं जुळवून आणल्यावर मुख्य देखभालकर्त्यांनी एकच ओळ लिहिली: पुढे हे सांभाळणार कोण? गावाला जाताना शेजाऱ्याच्या ओसरीत मांजर सोडून परत न येणारी माणसं त्यांनी बरीच पाहिली असावीत. मी ‘मी आहे’ असं लिहिलं, आणि लिहिता लिहिता आईच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

बटण मर्ज झालं, मूळ कोडात गेलं. पुढच्या आवृत्तीच्या टिपणात त्याला अर्धी ओळ मिळाली. ती ऑफिसात सगळ्यांना दाखवली. साहेब खूश झाले, म्हणाले, “मग आपल्या सर्व्हरवर कधी दिसणार?”

आपल्या सर्व्हरवर जुनी, दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे. तिच्यात सुरक्षेची ठिगळं तेवढी येतात, नवी बटणं येत नाहीत. अपग्रेड करायला हवं, मी म्हणालो.

“चालतंय ना? मग कशाला हात लावायचा!” साहेब म्हणाले. “आणि हो, ती डिस्क परत भरलीये म्हणतात. तेवढी तुमची ती कमांड मारा.”