जिमने बीपी वाढतं? ग्रुपवरच्या त्या मजकुराला उत्तर

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात पुन्हा तोच मजकूर आला. ‘तिशीच्या आतल्या मुलांनो, सावधान! वजन उचलताना बीपी तीनशेच्या वर जातं. जिमवाल्या कोणत्याही पोराचं बीपी मोजा, १४० च्या खाली सापडणार नाही. चाला, पण वजनांना हात लावू नका.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. त्याखाली एका काकांचं दुसरं टोक: ‘काही नाही हो, व्यायाम केला की बीपी आपोआप जातं. गोळ्या हा सगळा धंदा आहे.’

तीनशेचा आकडा खोटा नाही, हे आधीच कबूल करतो. १९८५ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात पाच बॉडीबिल्डरांच्या धमनीत नळी घालून, ते वजन उचलत असतानाच दाब मोजला होता. दोन्ही पायांनी लेग प्रेस करताना, म्हणजे मशीनवर पायांनी वजन ढकलताना, सरासरी निघाली ३२०/२५०. एकाचा दाब तर ४८०/३५० च्याही पुढे गेला. मजकूर लिहिणाऱ्याला हे ठाऊक असतं तर तो तीनशेवर थांबला नसता.

पण ही सगळी मोजमापं वजन अंगावर असतानाची. आवळलेले स्नायू रक्तवाहिन्या दाबतात, त्यात माणूस श्वास कोंडून छाती-पोट घट्ट करतो, म्हणून दाब उसळतो. वजन खाली ठेवलं की तो झपाट्याने उतरतो. पुढे काही तास तर व्यायामाआधी होता त्यापेक्षाही थोडा खालीच राहतो. बीपीचा आजार म्हणतात तो शांत बसलेल्या माणसाचा दाब वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा जास्त भरला तर. बस पकडायला धावताना नाडी १५० झाली म्हणून कुणी हृदयरोगी ठरत नाही. अर्थात ज्याचं बीपी मुळातच खूप चढलेलं आहे आणि उपचार सुरू नाहीत, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय जड वजनं उचलू नयेत. आणि उचलताना श्वास कोंडू नये, हे सगळ्यांनाच लागू.

आता ‘१४० च्या खाली सापडणार नाही’. माझा भाचा २४ वर्षांचा, रोज जिमला जाणारा. हा मजकूर वाचून घाबरला आणि जिममधून थेट आमच्याकडे आला, तीन जिने चढून. आल्या आल्या घरातलं मशीन लावलं: १४८/८४. पट्टा दंडावर जेमतेम बसत होता, वेल्क्रो मोजताना करकरत होतं. त्याला पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसवलं, बोलू दिलं नाही. शेजारच्या आजोबांकडून मोठा पट्टा आणला. अर्ध्या तासाने आकडा आला १२८/७६. पोरगा तोच, दंड तोच. दंडाला पट्टा लहान पडला की आकडा फुगतो, आणि जिमवाल्यांचे दंड मोठे असतात. मोजण्याआधी अर्धा तास व्यायाम, चहा-कॉफी, सिगारेट नको, हा नियम तर कुणी पाळतच नाही.

मग मी त्याची बॅग बघितली. प्री-वर्कआउटचा, म्हणजे व्यायामाआधी जोर यावा म्हणून पाण्यात घालून पितात त्या पावडरीचा, डबा निघाला. यातल्या बऱ्याच डब्यांच्या एका स्कूपमध्ये दोन-तीन कप कॉफीइतकं कॅफीन असतं. काही पोरं त्याच्याही पुढे जाऊन स्टेरॉइड घेतात. त्याने शरीरात मीठ-पाणी साठतं आणि बीपी खरोखरच चढतं. करणी पुडीची आणि नाव डंबेलचं.

‘फक्त चाला’ हेही अर्धवट आहे. चालणं चांगलंच. पण २०२३ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये २७० चाचण्यांचा एकत्र हिशोब आला, त्यात चालण्या-पळण्यासारख्या व्यायामाने वरचा आकडा सरासरी साडेचारने उतरला, वजनांनीही जवळपास तेवढाच. सगळ्यात जास्त, आठाच्या आसपास, उतरला तो न हलता स्नायू आवळून धरण्याच्या व्यायामाने. शाळेत गुरुजी भिंतीला पाठ टेकवून ‘खुर्ची’ करायला लावायचे ना, तेच. दोन-दोन मिनिटं, मधे विश्रांती घेत चार वेळा, आठवड्यातून तीनदा. आमच्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्यांचं बीपी उत्तम असायला हवं!

हे हिशोब सगळ्या वयांचे. ‘व्यायाम केला की बीपी आपोआप जातं’ म्हणणारे काका चुकतात ते इथे. फक्त तरुणांच्या चाचण्या एकत्र पाहणारा एक आढावा २०१६ मध्ये आला होता: तीन ते सहा महिन्यांत दोन्ही आकडे चारेक अंकांनी उतरले, पण वर्षानंतर तो फरक दिसेना. मग ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १८ ते ३५ वयाच्या, बीपी थोडं वाढलेल्या सुमारे दोनशे जणांवर १६ आठवड्यांची चाचणी घेतली. दिवसभर दंडाला मशीन बांधून मोजलं, तर व्यायाम करणाऱ्यांत आणि न करणाऱ्यांत फरक नाही. म्हणजे पंचविशीत बीपी खरंच जास्त निघालं, तर ‘जिम लाव, जाईल’ म्हणून डॉक्टर टाळणं हा मूर्खपणा आहे.

मग व्यायाम कशाला? लांब पल्ल्यासाठी. अमेरिकेतल्या चार शहरांत १९८५-८६ मध्ये १८ ते ३० वयाच्या पाच हजारांवर लोकांची नोंद सुरू झाली आणि तीस वर्षं चालली. तारुण्यात आठवड्याला पाचेक तास व्यायाम असणाऱ्यांना पुढे बीपी जडण्याचा धोका १८ टक्क्यांनी कमी दिसला. ही नुसती नोंद आहे, चाचणी नव्हे, त्यामुळे सगळं श्रेय व्यायामालाच देता येणार नाही. पण विशी ते चाळिशीत लोकांचा व्यायाम घटत गेला, हेही तिथेच दिसलं. नोकरी, लग्न, मुलं. आपल्याकडे वेगळं काय होतं?

राहिले जिममध्ये कोसळणाऱ्यांचे व्हिडिओ. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ च्या अभ्यासात १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा संबंध आधीच्या ४८ तासांतल्या जोरदार श्रमाशी दिसला होता, ते लपवण्यात अर्थ नाही. त्याच यादीत ४८ तासांतलं बेसुमार मद्यपान आणि घरात आधी झालेला असा मृत्यूही होता. तो प्रश्न बीपीच्या आकड्यापेक्षा वेगळा आहे. महिनोन्महिने काही न करता पहिल्याच दिवशी जीव तोडून व्यायाम करू नये, छातीत दुखलं तर थांबावं.

भाच्याला आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, डबा बाजूला ठेवून आणि मोठा पट्टा लावून आकडे लिहायला सांगितलंय. काकांनी ग्रुपवर मला अंगठा दिला. त्यांची गोळी सुरू आहे का, ते काकूंना विचारायचंय.