‘आकार बदला, रंग बदलेल’ : अर्धा घोटाळा भाषेचा, अर्धा भौतिकीचा

सध्या फिरणाऱ्या एका मजकुराचा गोषवारा असा: ऑक्साइडच्या पातळ थरात सोन्या-चांदीचे नॅनोकण पेरले की क्वांटम परिणामामुळे, नुसता कणांचा आकार बदलून, हवा तो रंग मिळतो. तो रंग कधीच उडत नाही. हे तंत्र रोमनांना येत होतं. आणि असा थर सौर पॅनेलवर चढवला की वीज दुप्पट.

पहिल्या वाक्यात मराठीनेच घात केलाय. ‘आकार’ म्हणजे गोल, लांबट, चपटा, की लहान-मोठा? बोलताना आपण दोन्हीसाठी एकच शब्द वापरतो. पहिला अर्थ घेतला तर दावा बराचसा खरा आहे. रुंदीच्या चौपट लांब असलेली सोन्याची कांडी ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे जवळजवळ अवरक्त, प्रकाश शोषते. पण मजकुरात ‘५ नॅनोमीटरला लाल, ५० ला निळा’ असं लिहिलंय, म्हणजे त्यांना आकारमान म्हणायचंय. तिथे गणित बसत नाही. पाण्यातला २० नॅनोमीटरचा सोन्याचा गोल कण ५२० ते ५२५ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक गिळतो, म्हणून द्रावण लाल दिसतं. कण पाचपट मोठा, १०० नॅनोमीटरचा केला तरी शोषणाचं शिखर सरकून ५७० च्या आसपास येतं. एवढ्याने इंद्रधनुष्य होत नाही. १० नॅनोमीटरच्या खाली गेलात तर इलेक्ट्रॉन कणाच्या पृष्ठभागावर वारंवार आदळू लागतात, शिखर पसरट होतं आणि रंग मळकट होतो. २ नॅनोमीटरच्या खाली तर ते शिखरच उरत नाही.

मग रंग बदलतो कशाने? मजकुरात ज्याचं नाव केवळ कण ठेवायचं भांडं म्हणून येतं, त्या ऑक्साइडने. प्रकाशाच्या विद्युत क्षेत्रामुळे कणातले इलेक्ट्रॉन एका बाजूला सरकतात, मागे राहिलेला धन भार त्यांना परत खेचतो, आणि ही ये-जा सुरू राहते. भोवतालचं माध्यम जितकं सहज ध्रुवित होतं, म्हणजे त्यातले भार जितके सहज सरकतात, तितकी ही ओढ झाकली जाते. ओढ कमी झाली की दोलन संथ होतं आणि शिखर लांब तरंगलांबीकडे जातं. तोच सोन्याचा गोळा सिलिकात (सिलिकॉनच्या ऑक्साइडात), जिचा अपवर्तनांक, म्हणजे माध्यम किती सहज ध्रुवित होतं याचं एक माप, सुमारे १.४६ आहे, ५३० च्या जवळपास शोषतो. अपवर्तनांक २.५ च्या घरातल्या दाट, स्फटिकमय टायटॅनियात (टायटॅनियमच्या ऑक्साइडात) तो ६०० च्या पुढे जातो. सिलिकातून लाल आणि टायटॅनियातून निळा, कण मात्र तेच.

गैरसमज कुठून आला असावा, याचा माझा अंदाज आहे. असे थर बहुधा तापवून पक्के करतात. तापवल्यावर कण वाढतात आणि रंगही सरकतो, म्हणून श्रेय कणाच्या वाढीला दिलं जातं. पण त्याच भट्टीत अस्फटिक टायटॅनियाचं अनाटेस, म्हणजे त्याचं एक स्फटिकरूप, होत असतं आणि त्याचा अपवर्तनांक वाढत असतो. दोन गोष्टी एकदम बदलल्या की एकीलाच हार घालायचा नसतो. शिवाय थराला स्वतःच्या जाडीमुळे व्यतिकरणाचे, म्हणजे थराच्या दोन पृष्ठभागांवरून परतलेले तरंग एकमेकांत मिसळून होणारे, रंगही येतात, साबणाच्या फुग्यासारखे. नमुना तिरका करून पाहा: रंग झपाट्याने पळाला तर तो बहुतेक व्यतिकरणाचा. विरळ पेरलेल्या गोल कणांचा रंग कोनाने फारसा हलत नाही.

‘क्वांटम’ हा शब्द इथे शोभेला आहे. मॅक्सवेल गार्नेट यांनी धातुकण मिसळलेल्या काचांचे आणि थरांचे रंग १९०४ मध्ये समजावले. १९०८ मध्ये गुस्टाव्ह मी यांनी (होय, आडनावच ‘मी’) गोल कणाचं पूर्ण गणित मांडलं. दोघांनी जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांची विद्युतचुंबकत्वाची जुनी समीकरणं वापरली, तेव्हा क्वांटम यांत्रिकी जन्मालाही आली नव्हती. नुसत्या आकारमानाने रंग बदलतो तो अर्धवाहकांच्या क्वांटम डॉट्सचा, म्हणजे नॅनोमीटरभर आकाराच्या स्फटिककणांचा, ज्यांच्या शोधाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दोन वेगळ्या गोष्टींची इथे सरमिसळ झालीय.

रोमनांचं म्हणाल तर ब्रिटिश म्युझियममधला चौथ्या शतकातला लायकर्गस चषक खरोखर थक्क करणारा आहे: बाहेरून उजेड पडला की हिरवा, आतून आला की लाल. त्याच्या काचेत ५० ते १०० नॅनोमीटरचे चांदी-सोन्याच्या मिश्रधातूचे कण आहेत. कारागिरांच्या हाती कृती होती. कण त्यांनी पाहिले नव्हते.

वीज दुप्पट? सिलिकॉनच्या एकपदरी सौर सेलची सैद्धांतिक कमाल कार्यक्षमता सुमारे २९ टक्के आहे. बाजारातली पॅनेलं २० च्या वर आहेत. दुप्पट केलेत तर निसर्गनियमच मोडेल. त्यातून लहान कण गिळलेला बहुतेक प्रकाश उष्णता म्हणून टाकतात.

राहिला ‘कधीच न उडणारा’ रंग. काचेतल्या सोन्याबाबत हे मान्य. जुन्या खिडक्यांतला चांदीचा पिवळाही शतकानुशतकं टिकलाय. पण चांदी टायटॅनियात ठेवा. २००३ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की अशा तपकिरी-करड्या थरावर लाल प्रकाश टाकला तर थर लालसर होतो, हिरवा टाकला तर हिरवट. तो प्रकाश शोषणाऱ्या कणांतले इलेक्ट्रॉन टायटॅनियातून ऑक्सिजनकडे जातात, चांदीचे आयन होतात, आणि त्या रंगाचं शोषण तेवढंच नाहीसं होतं. मग अतिनील प्रकाश पडला की आयनांची पुन्हा चांदी होते आणि सगळे रंग पुसून थर परत तपकिरी.