रविवारी घरी मटण असतंय की!

एका लेखात म्हटलंय, कोल्हापुरात रविवारच्या ब्रंचला, म्हणजे नाश्ता-जेवण एकातच उरकायला, जावं असं ठिकाणच सापडत नाही. अहो, रविवारी साडेदहाला उद्यमनगरात फडतरेंच्या मिसळीला थांबलेली माणसं नाश्त्याला आलेली असतात की जेवणाला, ते सांगा आधी! मटकीवर फरसाण, बारीक चिरलेला कांदा, वरून कट म्हणजे झणझणीत रस्सा, आणि सोबत पाव नाही तर ब्रेडचे स्लाइस. दुसऱ्यांदा कट मागितला की कपाळावर घाम येतोच. ब्रंच हा शब्द इंग्लंडात १८९५ मध्ये छापून आला म्हणे. आम्ही नाव न ठेवताच खातोय.

खरी अडचण वेगळी आहे. रविवारी दुपारी घरी मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा ठरलेला. अकराला पोट भरून आलो तर आई ताट वाढताना बघते कशी, ते विचारू नका.

तरी पाहुण्यांच्या हट्टापायी गेल्या महिन्यात एका नव्या कॅफेत गेलो. फोनवर ‘अकराला बुफे सुरू’ म्हणाले होते, पण सव्वाबारापर्यंत टेबलावर नुसत्या कलिंगडाच्या फोडी! पोरं रडकुंडीला आली. शेवटी भेळ खायला खासबागेत गेलो.