धरायचं कुठे?

मे महिन्यात नागपूरकराला खरी झोप लागते ती पहाटे चार ते सहा. त्याआधी कूलर नुसता भट्टीतली हवा ओल्या ताट्यांतून गाळून अंगावर सोडत असतो. या दोन तासांत कोणी कोणाला उठवायचं नाही, असा आमच्याकडे अलिखित कायदा आहे. भाच्याने तो एका रविवारी पाच पस्तीसला मोडला. फोनवर फोटो पाठवला.

चष्म्याशिवाय पाहिला, तेव्हा शिंकण्याच्या बेतात असलेलं मांजर दिसलं. चष्मा लावल्यावर कळलं की मोटारसायकल आहे. स्पोर्ट्स बाइक. समोर दोन बारीक तिरक्या फटी, मधे अंधार, अंधाराच्या खाली एक भोक आणि दोन्ही गालांना पंख. कंपनीचं नाव घेत नाही, भाच्याला अजून गाडी घ्यायची आहे. फोटोखाली प्रश्न होता, "मामा, कशी वाटली?" मी डोळे मिटता मिटता लिहिलं, "छान आहे," आणि कूस बदलली.

सावजी रस्सा चाखून "जरा तिखट आहे नाही?" म्हणणारा माणूस जसा तत्काळ बाहेरगावचा ठरतो, तसा नव्या गाडीला पहिल्याच दिवशी "छान आहे" म्हणणारा आमच्या कट्ट्यावर ठरतो. आमचा कट्टा धरमपेठेत, तर्री पोह्यांच्या एका ठेल्यासमोर भरतो. सात वाजता मी पोचलो, तोवर माझा गुन्हा सगळ्यांना ठाऊक झाला होता.

"काय पाहून छान म्हटलं बाप्पा?" आरएक्स भाऊंनी उलटतपासणी सुरू केली. यांच्याकडे यामाहाची आरएक्स 100 आहे. 98 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, क्रोमचे मडगार्ड, आणि त्यांच्या गल्लीतल्या तीन पिढ्यांना पाठ असलेला आवाज. ती गाडी भारतात 1985 साली आली आणि 1996 मध्ये बंद झाली. भाऊंच्या मते मोटारसायकल या वस्तूचा आदि आणि अंतही तोच. "गोल लाइट, लांब सीट. संपला विषय. देवानं गाडी अशीच बनवली होती, मंग हे इंजिनिअर घुसले."

रेल्वेतून निवृत्त झालेले काका फोटो हातभर लांब धरून बघत होते. "बडग्या आहे हा," त्यांनी निकाल दिला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे असतात. त्या वर्षी गावाचा ज्याच्यावर राग असेल त्याचा पुतळा. मिरवतात, शिव्या घालतात आणि शेवटी जाळतात. "पण बडग्याले तोंड तरी असते," काकांनी निकालात दुरुस्ती केली.

इथवर ठीक होतं. पण मग बँकवाले साहेब बोलले. साहेबांनी आयुष्यभर स्कूटरच चालवली, तरी इटलीत अशी एक गाडी नसेल जिची कुंडली त्यांना तोंडपाठ नाही. त्यांनी माझ्या प्लेटमधून दोन हरभरे उचलले आणि स्वतःच्या पोह्यांवर शेजारी शेजारी मांडले.

"हे 1994. डुकाटी 916. मासिमो ताम्बुरिनी नावाच्या माणसानं काढली. दोन लाइट असे बाजूबाजूला, सायलेन्सर सीटच्या खाली, मागचं चाक एकाच बाजूनं धरलेलं. लोकं पोस्टर लावून पूजा करत." मग त्यांनी एक हरभरा उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवला. "आणि हे 2003. त्याच कंपनीची 999. पिएर तेरब्लांशनं काढली. लाइट खाली-वर केले. बस. जगभर बोंब."

"चालायला खराब होती काय?" मी विचारलं.

"खराब? 2003, 2004 आणि 2006, तीन सीझन वर्ल्ड सुपरबाइकचं जेतेपद हिनं आणलं. तरी 2007 साली कंपनीनं 1098 काढली. लाइट पुन्हा बाजूबाजूला, मागचं चाक पुन्हा एका बाजूनं." त्यांनी वरचा हरभरा जपून खाली उतरवला. "आणि आता तेच लोक 999 पाहून म्हणतात, काय सुंदर होती!"

मला आशेचा किरण दिसला. "म्हणजे आज नावं ठेवलेली गाडी वीस वर्षांनी छान होते?"

"होते ना."

"मग माझं चुकलं काय? मी वीस वर्षं आधी बोललो."

क्षणभर कट्टा गप्प झाला. तेवढ्यात आरएक्स भाऊंनी 1098 चा डावा डोळा उचलून तोंडात टाकला आणि माझा मुद्दा तिथेच बारगळला.

भाचा मात्र पंखांवर अडून बसला होता. मोटोजीपीच्या शर्यतींत 2015-16 च्या सुमारास डुकाटीने गाड्यांना असे पंख लावले, मग बाकीच्यांनीही लावले. भरधाव वेगात पुढचं चाक उचलू नये म्हणून ते गाडीला जमिनीकडे दाबतात, हे त्याने हात पसरून समजावलं. ते खरंच आहे. पण शिकवण्यांमुळे माझं गणित शाबूत आहे, आणि ते मला नेमकं नको तिथे आठवतं. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. 240 च्या वेगाला पंख जेवढं दाबतील, त्याच्या सोळावा हिस्सा 60 ला. वर्धा रोडवर गाय, ऑटो आणि उलट्या दिशेने येणारे सभ्य गृहस्थ चुकवत आपण चालवणार 30 ला, म्हणजे चौसष्टावा. तेवढा दाब देण्यासाठी पंखाला संत्र्यांची थैली अडकवली तरी पुरे.

"मामा, तुम्ही आधी छान म्हटलं होतं," भाचा दुखावून म्हणाला.

तीन महिने हे चाललं. दर रविवारी नवा फोटो, नवा कोन. मागून बघितल्यावर नंबर प्लेटचा दांडा लांब वाटतो. निळा रंग चालेल, लाल रंगात डोळे आणखी बारीक दिसतात. साहेबांनी सुझुकीच्या हायाबुसाचा दाखला काढला. 1999 साली ताशी 300 किलोमीटरच्या पुढे जाणारी गाडी, जपानी भाषेत नाव बहिरी ससाण्याचं, आणि वाऱ्याला वाट देत देत झालेला आकार पाहून तेव्हाही लोकांनी नाकं मुरडलीच होती. "नाव ससाण्याचं अन् तोंड पानकोबीचं," काका म्हणाले. या वादात ज्याच्या मताला खरी किंमत होती तो एकच माणूस, आमच्या गाड्या दुरुस्त करणारा मिस्त्री. त्याने फोटो मोठा केला, पण तोंडाकडे पाहिलंच नाही. बोट फिरवत तो फेअरिंगचे, म्हणजे गाडीच्या बाहेरच्या आवरणाचे, स्क्रू मोजत होता. अकरावर थांबला. "एका बाजूचे अकरा," तो म्हणाला. "फिल्टर बदलायला आलात, तर डबा घेऊन या."

ऑगस्टच्या शेवटी गाडी शोरूमला आली आणि टेस्ट राइडला भाच्याने मला धरून नेलं. मला वाटलं, प्रेम. तसं नव्हतं. ताईला पटवायचं तर घरातल्या एका मोठ्या माणसाचा पाठिंबा हवा होता, आणि लेखी "छान आहे" फक्त माझंच होतं. ते त्याने मे महिन्यापासून जपून ठेवलं होतं.

दिवस तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लेकरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याचा होता. शोरूमच्या पोऱ्याने "फक्त दोन किलोमीटर" असं बजावलं. ताईचं प्रतापनगरातलं घर तिथून बरोबर एक पूर्णांक नऊवर आहे, हे भाच्याने आधीच मोजून ठेवलेलं.

आता मागच्या सीटबद्दल बोलतो, कारण तीन महिन्यांत त्या सीटबद्दल एक माणूस एक शब्द बोलला नव्हता. फोटोत ती शेपटी दिसते. चढलेली, टोकदार, उडायच्या तयारीतली. त्या शेपटीवर प्रत्यक्षात माणूस बसतो, आणि तो मी होतो. वय 52, वजन 84 किलो. सीट वहीच्या आकाराची. पायदाण्या इतक्या वर की गुडघे कानाशी आले. भाचा पुढे टाकीवर ओणवा झालेला, त्यामुळे मी त्याच्यापेक्षा दीड फूट उंच. अंबारीत बसल्यासारखं वाटत होतं, फक्त हत्ती पुढे कलंडलेला.

"धरायचं कुठे?" मी विचारलं.

मोटार वाहन नियमांत लिहिलेलंच आहे की दुचाकीवर मागे बसणाऱ्याला हाताने धरायची सोय हवी आणि मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं. म्हणून तर परदेशातल्या रेसिंग गाड्यांनाही इथे विकताना साडीगार्ड लावतात. कंपनीने कायदा पाळलाच होता. सीटवर आडवा पट्टा होता. मी त्याच्यावर बसलो होतो.

"टाकीला धरा मामा."

मी भाच्याच्या पोटाभोवतून दोन्ही हात टाकीवर टेकवले. पहिल्या स्पीडब्रेकरला त्याने ब्रेक मारला, मी उतारावरून घसरलो आणि हेल्मेटवर हेल्मेट आपटलं. ठक. सिग्नलला ठक. सिमेंट रस्त्याच्या प्रत्येक सांध्याला छोटं ठक. मधेच समोरून येणारे लोक हाताचा पंजा उघडझाप करून "लाइट चालू आहे" अशी खूण करत होते. एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा दिवा कंपनीतूनच कायम चालू येतो, बंद करायचं बटणच नसतं. तरी नागपूरकराची माया काही आटत नाही. मी मोजलं, नऊ जणांनी सांगितलं. दहाव्याला उत्तर द्यायला हात उचलला आणि पुढचा सगळा सिग्नल भाच्याच्या पाठीवर आडवा होऊन काढला.

एवढ्यात वेग किती झाला? मी डोळे उघडून भाच्याच्या खांद्यावरून पडद्यात पाहिलं. अडतीस.

ताईच्या गल्लीत लेकरांनी लाकडी बैल ओळीने उभे केले होते. कुणाच्या बैलाला बेगड, कुणाच्या शिंगांना फुगे. गाडी त्या ओळीच्या टोकाला थांबली आणि सगळं तान्हं गणगोत आमच्याभोवती जमलं. धोतर-फेटा घातलेला एक पाच वर्षांचा शेतकरी गाडीसमोर उकिडवा बसला आणि त्या फटी, ते भोक, ते पंख नीट बघून घेतले.

"ह्याले शिंगं कुठं आहेत?"

भाच्याने पंख दाखवले. त्याने ते हलवून पाहिले. "चाकं त माह्या बैलालेबी आहेत," असं म्हणून तो आपल्या बैलाची दोरी ओढत परत ओळीत गेला.

ताई ओवाळणीचं ताट घेऊन बाहेर आली. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली. डिझाइनबद्दल पहिला प्रश्न तिचाच होता, जो तीन महिन्यांत कोणाला सुचला नव्हता. "दळणाचा डबा कुठं ठेवतं?"

"आई, ही स्पोर्ट्स बाइक आहे."

"अन् मी कुठं बसू?"

भाच्याने वर, माझ्याकडे बोट दाखवलं. ताईने पाहिलं. मी अजून वरच होतो. उतरायचं होतं, पण डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि उजवा पाय त्या शेपटीवरून पलीकडे न्यायला निदान तीस वर्षांपूर्वीचा मी हवा होतो.

"तूच छान म्हटलं होतं ना रे?"

"फोटोत," मी म्हणालो.

मला उतरवायला भाचा आणि शेजारचे कुलकर्णी लागले. तोवर ताईने लेकरांचे बैल ओवाळले, एकेकाच्या हातावर दहा-दहा रुपये बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, ठेवला. ओळ संपली तशी ती टोकाला उभ्या असलेल्या भाच्यासमोर आली. गाडीच्या दोन फटींच्या मधे, त्या अंधारात कुंकवाचं बोट लावलं. भाच्याच्या हातावरही दहा रुपये ठेवले.

"हा तुझा बोजारा," ती म्हणाली. "आता ज्याचा बैल आहे त्याले परत देऊन ये. अन् मामाले ऑटोनं पाठव."