पैठणीला पडलेल्या भोकांबद्दल, दुकानाकडून

ताई, नमस्कार. मार्चमध्ये आमच्याकडून ड्रायक्लीन आणि रोल पॉलिश करून नेलेली पैठणी मे महिन्यातल्या लग्नात एकदा नेसलात, दिवाळीत काढली तर पाच भोकं. ‘दुकानातूनच कीड आली, डांबरगोळ्या ठेवूनही साडी गेली, पूर्ण किंमत भरून द्या,’ असं तुम्ही लिहिलंय.

आधी काउंटरचं. मुलाने फोटो धड न बघताच ‘आमच्याकडे कीड नसते’ म्हणून तुम्हाला वाटेला लावलं. चुकलंच. माफ करा.

तो फोटो मी रात्री मोठा करून बघितला. घडीत तांदळाच्या दाण्याएवढी नळी चिकटलीय. आपण सरसकट ‘कसर लागली’ म्हणतो, पण कसर म्हणजे ती चंदेरी, सुळकन पळणारी. तिला खळ आणि कागद हवा असतो. ही नळी पतंगाच्या अळीची. पतंग झाल्यावर तो काहीच खात नाही, खाते ती अळीच. जे कापड खाते त्याचेच धागे घेऊन ती अंगाभोवती नळी विणते, टोकांना वाढवत जाते आणि सोबत ओढत फिरते. तुमच्या फोटोतली नळी मधे दुधी आहे, दोन्ही टोकांना जांभळी. पैठणी जांभळी, तिच्यात दुधी धागा कुठेच नाही. आणि शेजारची दुधी लोकरी शालही खाल्लेली निघाली, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे ही अळी आधी शालीवर वाढली, मग साडीवर आली.

ड्रायक्लीनमध्ये अंडी-अळ्या टिकत नाहीत. तरी पॉलिशला जाईपर्यंत साडी दोन दिवस लोकांच्या स्वेटर-कोटांजवळ टांगलेली असते, त्यामुळे ‘आमच्याकडून येणं शक्यच नाही’ अशी छाती ठोकणार नाही. मला जास्त शक्यता शालीची वाटते, एवढंच.

आमची खरी चूक प्लास्टिकच्या कव्हरची. ते घरी नेईपर्यंतचं असतं, नंतर साडी मलमलीत गुंडाळायची, हे कुणी सांगितलंच नाही. पावसाळाभर साडी त्यातच राहिली, त्यात लग्नातला घाम. घामाचं, सांडलेल्या जेवणाचं कापड या अळीला फार आवडतं. आता बिलावरच तसा शिक्का मारतोय.

डांबरगोळ्यांचा वास घट्ट बंद पेटीत कोंडला तरच उपयोग. रोज उघडणाऱ्या कपाटात नुसता वासच येतो. (घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या दुपट्यांत मात्र त्या अजिबात ठेवू नका. काही बाळांच्या रक्ताला त्या बाधतात.)

पूर्ण किंमत देणं मला पटत नाही, जमणारही नाही. रफू आमच्या खर्चाने. आमचे रफूवाले गुरुवारी बसतात. काठाजवळची तीन भोकं लपतील. पदरावरची दोन जवळून दिसतील, ते आत्ताच सांगतो. शालही सोबत आणा, तिच्या ड्रायक्लीनचे पैसे घेणार नाही. येण्याआधी कपाट रिकामं करून फळ्यांच्या फटी ब्रशने झाडून घ्या, अंडी-अळ्या तिथेही असतात. आणि साडी-शाल दोन्ही गाठ मारलेल्या पिशवीत आणा, दुकानात इतरांचेही कपडे आहेत.