क्लब बुडवण्याची रीत : खर्च आधी, टीव्ही मागून

जिनिंग चालते, कृषी केंद्र चालते, पतसंस्थेत शब्द चालतो, आणि तरीही वाढदिवसाचा फ्लेक्स स्वतःच्याच पैशाने लावावा लागतो, असे दुखणे असेल तर भाऊ, फुटबॉल क्लब काढा. कबड्डी नको. कबड्डीत फार तर बक्षिसाचा बोकड आणि मंडपाचे भाडे जाते. फुटबॉलमध्ये जिनिंगही जाऊ शकते, आणि तीही नामांकित विलायती पद्धतीने.

वही उघडली की जमेच्या बाजूला तिकीट लिहू नका. झेडपी शाळेच्या मैदानाला भिंत नाही, शेजारच्या धुऱ्यावरून गोल फुकटात दिसतो. तिथे एकच शब्द लिहा : टीव्ही. इंग्लंडात 1992 साली प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा पाच वर्षांच्या हक्कांचा सौदा 30 कोटी 40 लाख पौंडांचा सांगितला गेला. 2025 पासूनचा तिकडचा देशांतर्गत सौदा चार वर्षांचा आणि 670 कोटी पौंडांचा. दरवर्षीचा हिशेब धरला तर पंचवीसपटीहून जास्त. हा आकडा पारावर मोठ्याने वाचा आणि तिथेच थांबा. हा पैसा क्लबात मुक्कामाला राहत नाही, खेळाडूंच्या पगारातून निघून जातो, हे सांगत बसू नका. 1995 मध्ये बोस्मन नावाच्या खेळाडूच्या खटल्यात युरोपच्या न्यायालयाने दिलेल्या निकालानंतर करार संपलेला खेळाडू फुकट उठून जाऊ शकतो, म्हणून त्याला धरून ठेवायला पगार वाढतो. शेजारच्या क्लबालाही तेच टीव्हीचे पैसे मिळतात, म्हणून त्याचाही वाढतो. वरच्या लीगची स्वप्ने पाहणाऱ्या दुसऱ्या श्रेणीत तर कित्येक वर्षे एकूण पगार एकूण उत्पन्नाहून जास्त भरले आहेत. त्या मानाने तुमचे कृषी केंद्र उधारीवर चालते, हे फारच बाळबोध झाले.

वाटणी कशी होते तेही पाहून ठेवा. इंग्लंडातल्या देशांतर्गत हक्कांचा निम्मा पैसा सगळ्यांना सारखा, पाव हिस्सा क्रमवारीप्रमाणे, आणि उरलेला पाव ज्याचे सामने जास्त वेळा थेट दाखवले त्याला. म्हणजे नाव मोठे असले की खेळ आटला तरी कॅमेरा येतो. तुम्ही मात्र अंदाजपत्रक पहिल्या क्रमांकाचे धरूनच करा.

आता मुख्य काम, उचल. वरुड-मोर्शीकडे संत्र्याचा आंबिया बहार झाडावर असतानाच व्यापारी इसार देऊन बाग घेतो. पुढे गारपीट झाली की तो बाकी द्यायला फिरकत नाही, आणि बागवाल्याने तोवर पोरीच्या लग्नाचा हॉल बुक केलेला असतो. टीव्हीच्या कराराकडे याच नजरेने पाहा आणि हॉल बुक करा. इंग्लंडच्या लीड्स युनायटेड क्लबने पुढच्या 25 वर्षांच्या तिकीटविक्रीवर 6 कोटी पौंड उचलले. 2001 मध्ये चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांच्या स्पर्धेची, उपांत्य फेरी गाठली, पण त्याच हंगामात लीगमध्ये चौथे आले आणि पुढच्या वर्षीची चॅम्पियन्स लीग, तिच्या टीव्हीच्या पैशासकट, हुकली. 2004 मध्ये एक पायरी खाली, 2007 मध्ये आणखी एक. बार्सिलोनाने 2022 मध्ये स्पॅनिश लीगच्या टीव्ही हक्कांतला 25 टक्के वाटा 25 वर्षांसाठी विकला. तेवढ्या वर्षांत तुमचा नातू सरपंच होईल. त्याच्याही वाटचे आत्ताच खाऊन घ्या.

करारावर सही करताना हमी मागायची नाही, वाईट दिसते. इंग्लंडच्या खालच्या श्रेण्यांच्या लीगने आयटीव्ही डिजिटल या टीव्ही कंपनीशी तीन वर्षांचा 31 कोटी 50 लाख पौंडांचा करार केला आणि क्लबांनी त्या भरवशावर पगार ठरवले. 2002 मध्ये कंपनी बसली. लीगवाले मालक कंपन्यांकडे धावले तेव्हा कोर्टात कळले की त्यांची हमी करारात लेखी नाहीच. आपल्याकडे सोयाबीनच्या काट्यावरसुद्धा माणूस पावती मागतो, पण तो लहान माणूस.

तोटा वहीत दिसू लागला तर घाबरायचे नाही. खेळाडू 10 लाखांना घेतला आणि करार पाच वर्षांचा, तर वहीत वर्षाला 2 लाखच खर्ची पडतात. आठ वर्षांचा केला तर सव्वा लाख. इंग्लंडच्या चेल्सी क्लबने असे लांबलचक करार केल्यावर नियम बदलून हिशेबाला पाच वर्षांची मर्यादा घातली गेली, पण तालुक्यात अजून कोणी घातलेली नाही. त्यानेही भागले नाही तर क्लबची मालमत्ता स्वतःच विकत घ्या. डर्बी काउंटीच्या मालकाने 2018 मध्ये क्लबचे स्टेडियम आपल्याच दुसऱ्या कंपनीला 8 कोटींहून जास्त पौंडांना विकून कागदावर नफा आणला. 2021 मध्ये क्लबवर दिवाळखोरी निस्तरणारा प्रशासक बसला, एकूण 21 गुण कापले गेले, पुढच्या वर्षी संघ तिसऱ्या श्रेणीत. तुमचे मैदान झेडपीचे, ते विकता येणार नाही. गोलपोस्ट विकून पाहा.

सामन्याची वेळ टीव्हीवाला सांगेल ती. मे महिन्यात ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या पुढे गेलेला असताना त्याला दुपारचे तीन हवे असतील तर तीन. ब्रिटनमध्ये अजूनही शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच थेट सामना दाखवत नाहीत, खालच्या क्लबांची तिकिटे बुडू नयेत म्हणून. असली भावकीची काळजी आपल्याला परवडत नाही.

देशातले टीव्हीवाले फिरकतील का, ही शंका कोणी काढलीच तर 2010 चा करार दाखवा : भारतीय फुटबॉल महासंघाला 15 वर्षांत 700 कोटी रुपये. तो डिसेंबर 2025 मध्ये संपणार म्हणून त्याआधीच जुलैत इंडियन सुपर लीगचा, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या लीगचा, हंगाम थांबवला, काही क्लबांनी पगार रोखले, आणि नव्या हक्कांची निविदा काढली तेव्हा एकही बोली आली नाही, हे मात्र दाखवू नका.

शेवटी प्रशासक येईल तेव्हाची यादी आत्ताच करून ठेवा. इंग्लंडात खेळाडू आणि दुसरे क्लब यांची देणी आधी पूर्ण फेडण्याचा दंडक आहे, बाकीच्यांना उरले तर. 2010 मध्ये पोर्ट्समथ बुडाला तेव्हा या बाकीच्यांना पौंडामागे 20 पेन्स देऊ केले गेले, आणि त्यांत सामन्याला प्रथमोपचार पुरवणारी सेवाभावी संस्थाही होती. तुमच्या यादीत मंडपवाला, चुना टाकणारा, पाण्याच्या टँकरवाला आणि आलूपोहा देणारी वहिनी सगळ्यात खाली लिहा. त्यांना रुपयामागे वीस पैसे निघतात, आणि वहिनीला ते सांगायला कोण जाणार तेही आजच ठरवून टाका.