एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: गेस्ट नेटवर्कवरचे कॅमेरे नऊ दिवस का दिसले नाहीत

नमस्कार सर,

उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण लिहिण्याआधी घरी जाऊन सगळं डोळ्यांनी बघायचं होतं. काल बघून आले.

तुमची तक्रार बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. आम्ही तुमच्या गावच्या घरी चार वायफाय कॅमेरे बसवले आणि ते राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर टाकले. जूनच्या सुरुवातीला ते नऊ दिवस मुंबईहून दिसत नव्हते. त्याआधी मे महिन्यात तुम्ही स्वतः आणलेला रेकॉर्डर राउटरला जोडलात, तर त्याला एकही कॅमेरा सापडला नाही. राउटरवर पोर्ट (बाहेरून थेट आत यायची वाट) उघडून द्या म्हणालात, तर मी नाही म्हटलं. म्हणून एक स्टार, आणि फिटिंगचे पैसे परत करण्याची मागणी.

आधी एक विनंती. घरात कोण असतं, कोण नसतं याबद्दल एक वाक्य तुमच्या रिव्ह्यूत आहे. तेवढं कृपया काढून टाका. तक्रार तशीच राहू दे, स्टारही तेवढाच राहू दे. पण हे पान कोणीही वाचतं. मीही इथे गावाचं नाव किंवा कॅमेरे कुठे आहेत ते लिहिणार नाही.

आता ते नऊ दिवस. मिरगाच्या आधी विजा पडल्या त्यात तुमचा राउटर गेला. इंटरनेटवाल्यांनी दुसऱ्या दिवशी नवीन बसवला आणि वायफायचं जुनंच नाव, जुनाच पासवर्ड ठेवला. काकूंचा मोबाइल लगेच चालू झाला, टीव्ही चालू झाला, त्यामुळे नेट आलं असं सगळ्यांनी धरलं. पण जुन्या राउटरवर मुख्य नेटवर्कशिवाय गेस्ट नेटवर्कही चालू होतं आणि कॅमेरे त्याच्यावर होते. नव्या राउटरवर ते बंद होतं. कंपनीहून येताना ते सहसा बंदच असतं, मुद्दाम चालू करावं लागतं. म्हणजे चारही कॅमेरे नऊ दिवस अशा एका नावाचा शोध घेत होते जे घरात राहिलंच नव्हतं.

हे मला पहिल्या फोनवर सुचायला हवं होतं. राउटर बदललाय हे तुम्ही पहिल्याच फोनमध्ये सांगितलं होतंत. मी मात्र दुकानातल्या गर्दीत 'कॅमेऱ्याची पिन काढून परत लावा' एवढंच म्हणून मोकळी झाले. दुसऱ्या फोनलाही तेच. त्या पिना उंचावर आहेत. काकू त्यासाठी स्टुलावर चढल्या, एकदा नाही, दोनदा, हे मला काल त्यांच्याकडून कळलं. ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. पिन काढून काहीच होणार नव्हतं, आणि त्यांचा पाय घसरला असता तर त्याला मी जबाबदार होते. मी काकूंची माफी मागितली आहे, तुमचीही मागते.

दहाव्या दिवशी आमच्या दुकानातला मुलगा तुमच्या घरी जाऊन आला. त्यानं गेस्ट नेटवर्क आधीच्याच नावानं, आधीच्याच पासवर्डनं चालू केलं, तरी पहिली पंधरा मिनिटं एकही कॅमेरा आला नाही. कारण वायफायच्या दोन लहरींपैकी ते फक्त ५ गिगाहर्ट्झवर चालू झालं होतं आणि तुमचे कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झच ओळखतात. ते बदलल्यावर चारही कॅमेरे आपोआप जोडले गेले. ज्यांच्याकडे असे कॅमेरे आहेत त्यांनी राउटर बदलताना या दोन गोष्टी बघाव्यात: नाव-पासवर्ड अक्षर न् अक्षर तोच आहे का, आणि २.४ चालू आहे का. कॅमेरा नव्यानं जोडायची गरज सहसा पडत नाही.

नऊ दिवसांचं रेकॉर्डिंग गेलं असं तुम्ही लिहिलंय. ते गेलेलं नाही. नेट नसलं तरी कॅमेरा आपल्या मेमरी कार्डावर लिहीत राहतो. तुमच्या सेटिंगला सेकंदाला साधारण १ मेगाबिट जातो, म्हणजे दिवसाला ११ जीबीच्या आसपास. १२८ जीबीच्या कार्डात अकरा दिवस मावतात. दहाव्या दिवशीच आमच्या मुलानं चारही कार्डांवरचं त्या दिवसांचं सगळं कॉपी करून ठेवलं होतं, तो पेन ड्राइव्ह काल काकूंकडे दिला आहे. मधे वीज गेल्यानंतरच्या फाइलींवर १९७० सालची तारीख दिसेल, घाबरू नका. हे कॅमेरे वेळ इंटरनेटवरून घेतात. वीज जाऊन आली आणि नेट नसलं की त्यांचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासून सुरू होतं. चित्र त्याच दिवसांचं आहे.

रेकॉर्डरचं. मे महिन्यात तुम्ही फोन केलात तेव्हा आमच्याकडून 'वेगळ्या कंपनीचा आहे, जमणार नाही' असं उत्तर मिळालं. ते चुकीचं होतं. तुमचा रेकॉर्डर आणि कॅमेरे दोन्ही ऑनव्हिफ (कॅमेरे-रेकॉर्डरांची सामाईक भाषा) मानतात, कंपनी वेगळी असली तरी चालतात. खरं कारण गेस्ट नेटवर्क हेच आहे.

आपल्याकडच्या घराचं उदाहरण घ्या. अनोळखी पाहुणा आला तर त्याला पडवीत बसवतो. पाणी देतो, चहा देतो, पण माजघराचं दार लोटलेलं असतं. गेस्ट नेटवर्क म्हणजे ती पडवी. तिथल्या यंत्राला इंटरनेट मिळतं, घरातले मोबाइल, लॅपटॉप, प्रिंटर दिसत नाहीत. तुमचे कॅमेरे पडवीत आहेत आणि रेकॉर्डर तुम्ही राउटरच्या मागच्या सॉकेटला लावलात, म्हणजे माजघरात ठेवलात. मध्ये दार बंद. रेकॉर्डर हाका मारतो, त्या कॅमेऱ्यांपर्यंत जातच नाहीत. बऱ्याच राउटरांत तर पडवीतले पाहुणेही एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून रेकॉर्डर गेस्टवर नेला तरी काम होईलच असं नाही. घरी बसून तुमच्याच वायफायवर कॅमेरा बघताना चित्र उशिरा येतं, त्याचंही कारण हेच: फोन आणि कॅमेरा एका छपराखाली असून बाहेरच्या रस्त्यानं भेटतात.

राउटरमध्ये 'गेस्टना घरचं नेटवर्क वापरू द्या' अशी एक चौकट असते. तिच्यावर टिक केली की रेकॉर्डरला कॅमेरे सापडण्याची शक्यता आहे. मी ती टिक केलेली नाही आणि करणार नाही. कॅमेरे वेगळे ठेवा हे बसवताना तुम्हीच सुचवलं होतंत आणि ते योग्यच होतं. स्वस्त कॅमेऱ्याला अपडेट किती वर्षं मिळतील याचा भरवसा नसतो, आणि ज्या नेटवर्कवर तुम्ही सुट्टीत बसून बँकेचे व्यवहार करता त्यावर तो नको. माझी चूक अशी की या वेगळेपणामुळे काय काय जमणार नाही ते मी तेव्हाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रेकॉर्डर घेण्याआधी तुम्ही एकदा विचारलं असतंत.

यावर माझा उपाय असा: व्हीलॅन (एकाच राउटरवर वेगवेगळे कप्पे पाडणं) जमणारा एक राउटर घ्यायचा आणि रेकॉर्डर व कॅमेरे दोन्ही एकाच वेगळ्या कप्प्यात ठेवायचे. ते एकमेकांना दिसतील, घरातल्या यंत्रांना दिसणार नाहीत. राउटरची किंमत तुमची, बसवण्याचं काम माझं, त्याचे पैसे घेणार नाही. ज्या दोन कॅमेऱ्यांपर्यंत केबल नेता येते तिथे केबल टाकू. चिऱ्याच्या जाड भिंतींतून वायफाय कसं मरतं ते काल पुन्हा बघितलं.

पोर्टबद्दल मात्र मी माझ्या शब्दावर ठाम आहे. 'दुसरा कोणीही पाच मिनिटांत उघडून देईल' असं तुम्ही लिहिलंय. देईलही, पण उपयोग होणार नाही. तुमच्या राउटरचा बाहेरचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा आयपी पत्ता १०० नं सुरू होतो, १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला. हा पट्टा २०१२ पासून अशासाठीच राखून ठेवला आहे की इंटरनेट कंपनीनं अनेक घरं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवावीत. तुम्ही आपल्या अंगणाचं बेडं (फाटक) उघडलंत तरी वाडीच्या तोंडाचं बेडं कंपनीच्या हातात आहे. ते उघडायला वेगळा सार्वजनिक पत्ता विकत घ्यावा लागतो.

आणि तो घेतलात तरी मी कॅमेऱ्याचा पोर्ट सरळ इंटरनेटवर उघडणार नाही. २०१६ साली मिराई नावाचा व्हायरस पसरला तो अशाच उघड्या कॅमेऱ्यांतून, रेकॉर्डरांतून आणि राउटरांतून. त्याच्याकडे कंपनीनं दिलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या होत्या, त्या एकेक करून लावत तो आत शिरायचा. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच यंत्रांच्या फौजेनं डाइन (Dyn) या, साइटींच्या नावावरून त्यांचा पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइटी काही तास उघडेनात. ज्यांच्या घरातले कॅमेरे त्यात वापरले गेले त्यांना बहुधा पत्ताही लागला नसेल.

सध्या तुम्ही ॲपमधून बघता तेव्हा कॅमेरा स्वतः बाहेर जाऊन कंपनीच्या सर्व्हरला आपली हजेरी देतो आणि तुमचा फोन त्याला तिथे गाठतो. त्यामुळे गेस्ट नेटवर्क असो की कंपनीचं बेडं, दोन्हींतून ते चालतं. यात त्या कंपनीवर विश्वास टाकावा लागतो, हे खरं आहे. तो टाकायचा नसेल तर कॅमेऱ्यांच्या कप्प्यात एक छोटं यंत्र कायम चालू ठेवून त्यावर टेलस्केलसारखं व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खासगी, कुलूपबंद वाट) लावता येतं. सार्वजनिक पत्ता नसतानाही ते चालतं. नवा राउटर बसवताना हवं असेल तर तेही करून देईन. तोपर्यंत ॲपचा पासवर्ड बदला, दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा आणि भावंडांना तुमचा पासवर्ड देण्याऐवजी ॲपमधून शेअर करा.

पैशांबद्दल. जूनच्या फेरीचे आम्ही ५०० रुपये घेतले होते. ते घ्यायला नको होते, आज तुमच्या खात्यावर परत केलेत. फिटिंगचे पैसे परत करणार नाही, कारण कॅमेरे, त्यांची वायर आणि जागा आजही बरोबर आहेत, आणि गेस्ट नेटवर्कवर ठेवणंही बरोबर होतं.

राउटरच्या वर भिंतीला एक कार्ड चिकटवलं आहे. त्यावर गेस्ट नेटवर्कचं नाव, '२.४ चालू हवं' आणि 'राउटर बदलल्यास आधी फोन करा' असं मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलंय. पासवर्ड त्यावर नाही, तो काकूंच्या वहीत आहे. जुन्या ग्राहकांकडेही या महिन्यात असं कार्ड लावत फिरतो आहोत. राउटर इन्व्हर्टरवर नव्हता, तोही काल त्यावर घेतला.

नवा राउटर घ्यायचा ठरवलंत तर गणपतीत तुम्ही घरी याल त्याच्या आधीच्या आठवड्यात बसवून देते. त्याआधी कॅमेरा कधी बंद दिसला तर काकूंना काहीही करायला सांगू नका, मला फोन करा. सोमवारी दुकान बंद असतं, फोन चालू असतो.